लाँग रननंतर तानपुरा आणि श्वास: काही महिन्यांचा अनुभव

हाफ मॅरेथॉनच्या सरावगटात लाँग रननंतर (आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावण्यानंतर) वीसेक मिनिटं संथ श्वास, शरीराकडे लक्ष आणि संगीत, असा क्रम आम्ही काही महिने वापरतो आहोत. मांड्या-पोटऱ्यांचं दुखणं याने कमी होत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतंच. डोक्याचा शीण मात्र उतरतो आणि रात्री झोप लवकर लागते. हा फायदा किरकोळ नाही. 2009 साली व्यायामाचे अभ्यासक मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम केलेल्यांनी नंतर दमेपर्यंत सायकल चालवताना ती लवकर सोडली. हृदय साथ देत होतं, पण तेवढेच श्रम त्यांना जास्त वाटत होते.

धावणं संपल्यावर एकदम थांबू नये, पायांत रक्त साचून चक्कर येते. दहा मिनिटं चालावं, पाणी प्यावं, थोडं खावं आणि घामाचे कपडे बदलावेत. ओल्या टी-शर्टवर पडलं की थंडी वाजते आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. मग चटईवर पाठ, पोटऱ्या खुर्चीवर. नाकाने चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं. श्वास जोराने बाहेर ढकलला तर धाप लागल्यासारखं होतं. तेव्हा तीन सेकंद आत, चार बाहेर यावर यावं. पुढची बारा मिनिटं पायाच्या बोटांपासून जबड्यापर्यंत एकेका भागाकडे नुसतं लक्ष द्यायचं. अनेकजण इथे स्ट्रेचिंग सुरू करतात, ते टाळा.

संगीताची निवड सगळ्यात अवघड. गाण्यातले शब्द मनाला ओढून नेतात. धावतानाची जलद गाणी लावली तर पाय ठेका धरतात. बासरी-सतार छान वाटते, पण संथ आलापानंतर वादन द्रुत लयीकडे आणि ‘झाला’ या शेवटच्या वेगवान भागाकडे जातं, नेमकं शरीर निवत असताना. म्हणून फक्त आलाप कापून घ्यावा, किंवा सरळ तानपुरा ॲप: षड्ज-पंचम (सा आणि प), काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपासची पट्टी, आवाज बोलण्याहून हळू. ताल नाही, शेवट नाही, आमच्या मते हाच उत्तम. फोनच्या स्पीकरवर खर्ज (खालचा जाड सूर) ऐकूच येत नाही, छोटा ब्लूटूथ स्पीकर हवा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवून ब्लूटूथ तेवढं चालू करा. मध्येच जाहिरात वाजली की सगळी मेहनत वाया.

सकाळी उठण्याआधी पूर्ण मिनिट नाडी मोजून लिहून ठेवा. ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर राहून सलग काही दिवस उतरत नसेल तर किलोमीटर कमी करा, तानपुरा वाढवून उपयोग नाही. नडगीत किंवा गुडघ्यात एकाच जागी टोचत असेल तर त्याकडे शांतपणे पाहत बसू नका, फिजिओला दाखवा.