‘अनलिमिटेड इंडिया’ : 14.99 डॉलरचा इंटरनेट फोन घेताना माणूस कुठे अडकतो

ज्यांचे सगळे नातेवाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, त्यांना अमेरिकेत बसून वेगळा इंटरनेट फोन कशाला लागतो हे कळत नाही. पण साताऱ्याच्या आजीकडे अजून 02162 चा लँडलाइन असतो आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना हातात रिसीव्हर लागतो. मग ‘महिना 14.99, भारतात अनलिमिटेड’ अशी जाहिरात दिसते. राउटरला लावायचा छोटा अडॅप्टर फुकट, पहिला महिना फुकट. लोक कार्डाचा नंबर देतात आणि पहिलं बिल येतं 22 डॉलरचं.

हे बिल एकदा फोडून बघा. युनिव्हर्सल सर्व्हिस फंड, म्हणजे सगळ्यांपर्यंत फोनसेवा पोचवण्यासाठीचा अमेरिकी निधी. त्याची वर्गणी इंटरनेट फोनवरही आहे. तिचा दर दर तिमाहीला बदलतो. 2024 मध्ये तो 32 ते 36 टक्क्यांच्या दरम्यान होता. आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय कॉलचा हिस्सा कंपनी वेगळा मोजत नसेल, तर तो बिलाच्या 64.9 टक्के धरायची तिला मुभा आहे. म्हणजे 14.99 पैकी 9.73 वर, दर 34 टक्के धरला तर, झाले 3.31. न्यू जर्सीत 911 या आपत्कालीन सेवेचे 90 सेंट. इथपर्यंत 19.20 झाले, आणि यात तक्रारीला जागा नाही. त्याखाली ‘रेग्युलेटरी रिकव्हरी फी 2.99’ अशी एखादी ओळ असते. नाव सरकारी वाटतं, पण हा सरकारचा कर नाही. कंपनीनं स्वतःचा खर्च तुमच्या माथी मारलेला असतो. म्हणून नोंदणी करताना एकच विचारा : माझ्या पिनकोडला सगळं धरून महिन्याचा आकडा किती, आणि तेराव्या महिन्यापासून किती? उत्तर चॅटमध्येच घ्या आणि स्क्रीनशॉट ठेवा. फोनवरच्या गोड बोलण्याचा नंतर काही उपयोग नसतो.

‘अनलिमिटेड’ला अटी असतातच. कुठे महिन्याला 3,000 मिनिटं, कुठे 5,000, कुठे ‘सामान्य घरगुती वापर’ एवढंच मोघम. रोज दोन तास बोलणारं घर 3,600 मिनिटांवर जातं, मग एक दिवस लाइन बंद होते किंवा महागडा प्लॅन गळ्यात पडतो. ‘30 दिवसांत पैसे परत’ या हमीलाही बऱ्याचदा मिनिटांची मर्यादा असते. ती ओलांडली की हमी संपली, मग अडॅप्टर घेऊन चार दिवस का झाले असेनात.

मिनिटावर पैसे घेणाऱ्या स्वस्त सेवांचा फास वेगळा आहे, आणि तो ओळखणारे फार थोडे. भारतात बाहेरून आलेला कॉल उतरवून घेण्याबद्दल तिथली कंपनी शुल्क घेते. मे 2020 पासून ट्रायनं, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकानं, ते मिनिटाला 35 ते 65 पैशांच्या पट्ट्यात ठेवलं. 35 पैसे म्हणजे साधारण 0.4 सेंट. त्याच्याही खाली दर देणारा एकतर तोटा सोसतोय किंवा मागच्या दारानं येतोय. मागचं दार म्हणजे सिम बॉक्स : कॉल इंटरनेटवरून भारतात आणायचा आणि शेकडो सिमकार्डांच्या पेटीतून लोकल कॉल म्हणून सोडायचा. अशा बेकायदा एक्स्चेंजवर पोलिसांच्या धाडी पडतात. आईला विचारा, माझा फोन आला की स्क्रीनवर काय दिसतं? दरवेळी वेगळाच भारतीय नंबर दिसत असेल तर समजून जा. असा नंबर तिनं संचार साथी या सरकारी पोर्टलवर कळवावा. अशा मार्गावर आवाज तुटतो, आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू येतं, आणि आईनं उलट फोन केला तर तो भलत्याच माणसाला लागतो.

दुसरी युक्ती खोट्या रिंगची. तुमच्या कानात ट्रिंग ट्रिंग वाजत असतं, तिकडे घंटी वाजलेलीच नसते, आणि मधल्या कुणा कंपनीनं ‘कॉल उचलला’ असा इशारा पाठवून मीटर चालू केलेला असतो. याची परीक्षा सोपी आहे. भारतातल्या भावाला सांगा, फोन समोर ठेव, वाजला तरी उचलू नकोस. 40 सेकंद वाजू द्या, ठेवा, आणि लगेच खात्यातली कॉलची यादी उघडा. तिथे शून्याऐवजी एक मिनिट लागलेलं दिसलं, तर त्या सेवेत आणखी एक डॉलरही भरू नका. हीच परीक्षा बंद ठेवलेल्या मोबाइलवरही करा. त्याबरोबर मिनिटं कशी मोजतात तेही बघा. तीन-तीन मिनिटांचे तुकडे मोजणाऱ्याकडे 3 मिनिटं 5 सेकंदांचा कॉल 6 मिनिटांचा होतो, म्हणजे एका सेंटचा दर जवळपास दुप्पट पडतो. ऑटो-रिचार्ज बंद ठेवा आणि अडॅप्टरचा मूळ पासवर्ड बदला. पासवर्ड फुटला तर रात्रीतून भलत्या देशांतल्या महागड्या नंबरांवर कॉल लागतात, आणि ऑटो-रिचार्ज त्यांना पैसे पुरवत राहतो.

आवाज खराब आला की कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर येतं : ‘तुमचं इंटरनेट तपासा.’ एका कॉलला दोन्ही दिशांना जेमतेम 90 केबीपीएस लागतात, त्यामुळे इंटरनेटचा वेग कमी पडला, असं क्वचितच असतं. त्याच अडॅप्टरवरून अमेरिकेतल्या एखाद्या लँडलाइनवर फोन लावा. तो स्वच्छ असेल आणि साताऱ्याचाच तुटत असेल, तर दोष त्यांच्या मार्गाचा आहे.

खरी कोंडी होते बाहेर पडताना. 2022 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत हेच होतं : नोंदणी ऑनलाइन चुटकीसरशी, पण रद्द करायचं तर ठरावीक वेळेत फोन करून माणसाशीच बोलायचं, वर शेकडो डॉलरांचं दंडवजा शुल्क. कंपनीनं 10 कोटी डॉलर परत द्यायचं मान्य केलं. म्हणून पैसे भरण्याआधी ‘रद्द करा’ हे बटण खात्यात कुठे आहे ते शोधा. सापडलं नाही, तर काय ते समजा.

वर्षभराचे पैसे एकदम भरून सवलत घेणाऱ्यांनी सनरॉकेट आठवावी. वर्षाला 199 डॉलर घेणारी ही व्हर्जिनियातली कंपनी जुलै 2007 मध्ये अचानक बंद पडली, दोन लाखांवर ग्राहकांचे फोन मुके झाले. महिन्याला दोन डॉलर जास्त गेले तर जाऊ देत.

नंबर हलवायचा असेल तर क्रम चुकवू नका. आधी नव्या कंपनीकडे अर्ज, मग जुनी बंद. उलट केलंत तर जुनी सेवा बंद होताच नंबर सुटतो आणि पोर्ट करायला काही उरत नाही. अर्जात खाते क्रमांक, पिन आणि पत्ता जुन्या बिलावर आहे तसाच हवा. ‘स्ट्रीट’च्या जागी ‘रोड’ लिहिलं तरी अर्ज परत येऊ शकतो. थकबाकी किंवा दंड बाकी आहे म्हणून नंबर अडवून ठेवता येत नाही, हा एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचा, नियम आहे. ते पैसे कंपनी वेगळे मागू शकते, एवढंच. अडवणूक झाली तर एफसीसीकडे फुकट तक्रार करा, कंपनीला 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

पैसे क्रेडिट कार्डानंच भरा. चुकीची आकारणी झाली तर बँकेनं स्टेटमेंट पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी कळवून वाद घालता येतो. डेबिट कार्डावर तेवढं संरक्षण नाही.

आणि तो फुकटचा अडॅप्टर. सेवा बंद केल्यावर तो ठरलेल्या दिवसांत परत गेला नाही की त्याची किंमत कार्डावर लागते, आणि ‘आम्हाला मिळालाच नाही’ हे उत्तर नेहमीचं आहे. खालचा सीरियल नंबर दिसेल असा त्याचा फोटो काढा, वीजजोडणीचा ठोकळा आणि वायरही त्याच खोक्यात भरा, ट्रॅकिंग नंबरचीच पोस्ट करा आणि पावती शेवटचं बिल येईपर्यंत टाकू नका.