लपण की पायपीट? पक्ष्यांच्या फोटोसाठी कुठली वाट धरावी

लेन्स घेऊन झाली, मेन्यूतल्या खुब्या पाठ झाल्या, कावळे-कबुतरांचे दोनशे फोटो काढून झाले, की एक प्रश्न हमखास समोर उभा राहतो. पक्ष्यांच्या वाटेवर लपण मांडून बसायचं, की कॅमेरा खांद्याला लावून त्यांच्या मागे हिंडायचं? लेन्स कुठली घ्यावी यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. लपण की पायपीट यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. वास्तविक हे आधी ठरलं की लेन्स आपोआप ठरते. मी दोन्ही केलंय, आणि दोन्हींत भरपूर सकाळी वायाही घालवल्यात.

लपण म्हणजे कापडी तंबूवजा हाइड, फांद्यांचा आडोसा, अंगावर ओढलेली जाळी किंवा काचेमागची पक्की खोली. पायपीट म्हणजे नुसतं चालणं नव्हे. दबकत, थांबत, शेवटचे वीस मीटर पोटावर सरकत जाणंही त्यातच आलं. गाडीत बसून काढलेले फोटो मी लपणातच धरतो, कारण माणूस दिसला की उडणारे पक्षी बंद गाडीकडे बरेचदा काणाडोळा करतात. इंजिन तेवढं बंद ठेवा, नाहीतर थरथर थेट लेन्समध्ये उतरते. गाडीबद्दल एवढं पुरे.

अंतराचा हिशोब

फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ६०० मिमीची लेन्स लावली (मिमी जितके जास्त, तितकं लांबचं मोठं दिसतं), तर २० मीटरवर फ्रेमची रुंदी भरते १.२ मीटर. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटरचा. म्हणजे एवढी अवजड तोफ लावूनही तो फ्रेमच्या सातव्या हिश्शात मावतो. तोच १० मीटरवर आला, तर चौथ्या हिश्शाहून मोठा दिसतो. आता ४०० मिमीची लेन्स घेऊन ७ मीटरवर बसा: जवळपास तेवढाच मोठा खंड्या मिळेल. तीन मीटर पुढे सरकायला जमलं, की दोनशे मिमी वाचले. शिवाय उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरायला लागली, की लांबचा फोटो कुठल्याही लेन्सने विरघळल्यासारखाच येतो. मधली हवा कमी करणं हा एकच इलाज.

प्रश्न एवढाच, की हे तीन मीटर कोण कमी करणार? लपणात पक्षी चालून येतो, पायपिटीत तुम्ही. बाकीचे सगळे फरक इथूनच फुटतात.

लपणाची बाजू

लपणाचा खरा फायदा मोठा फोटो हा नाही. तुम्ही तिथे नाहीच असं समजून पक्षी वागतो, आणि ते वागणं पायी फिरणाऱ्याला क्वचितच दिसतं. चालता चालता खंड्या दिसतो तो पाण्यावरून सुसाट गेलेली निळी रेघ म्हणून. लपणातून दिसतं ते असं: तो मासा घेऊन फांदीवर येतो, शेपटीकडून धरून डोकं दोन-चार वेळा फांदीवर आपटतो, मग माशाचं डोकं स्वतःच्या घशाकडे वळवून गिळतो. पण कधी कधी तो मासा उलटा धरतो, डोकं चोचीच्या टोकाकडे, बाहेर. तसा धरला की समजायचं, हा घास स्वतःसाठी नाही. जोडीदाराला किंवा पिल्लांना भरवायचा आहे. हे कळलं की पुढच्या क्षणाला तो उडणार हेही कळतं, आणि बोट आधीच बटणावर असतं. (त्याच्या मागे जाऊन घरट्याचं बीळ शोधायचं नसतं, हेही त्यातच कळून घ्यावं.)

ही विद्या जुनी आहे. ब्रिटनमधल्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी खऱ्या कातड्याचा पोकळ बैल बनवला होता. एकाने त्यात शिरायचं आणि बैलाच्या आडून पक्ष्यांचे फोटो काढायचे. जुन्या लोकांची आणखी एक रीत आजही चालते. लपणापर्यंत दोघांनी जायचं, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने डोळ्यांदेखत निघून जायचं. आलेला माणूस गेला, अशी पक्ष्याची समजूत होते आणि तो लवकर परततो.

आता तोटे. लपणाची खिडकी एकाच दिशेला. सकाळचं ऊन पाठीमागून येईल अशी जागा धरली, तर दुपारनंतर तीच जागा कुचकामी. वाऱ्याने दिशा बदलली तरी बोंब, कारण पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतात. वारा समोरून वाहू लागला की दिवसभर उतरणाऱ्या बदकांच्या पाठी मोजत बसायचं. उठून दुसरीकडे जाता येत नाही. पाय आखडतात, पाणी बेतानेच प्यावं लागतं, आणि चार तासांत एकही पक्षी फिरकला नाही तर दाद कोणाकडे मागणार?

अंतराची चूक तर माझी स्वतःची आहे. मोठ्या ६०० मिमी एफ/४ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त आत येतो) चार-साडेचार मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. हे वाचलेलं होतं. तरी हौसेने फांदी रोवली ती चार मीटरवर, जितकी जवळ तितकी बरी म्हणून. दुसऱ्या दिवशी खंड्या बरोबर तिथेच येऊन बसला, चोचीत मासा, पिसांवर पाण्याचे थेंब. लेन्स मागे-पुढे घुर्र-घुर्र करत राहिली आणि मी जवळजवळ मिनिटभर व्ह्यूफाइंडरमध्ये एक निळा-नारिंगी डाग बघत बसलो. मागे सरकायला जागा नव्हती, कारण पाठ कापडाला टेकलेली. लपण मांडताना आधी तुमच्या लेन्सचं किमान फोकस अंतर बघा, फांदी नंतर.

पैसे भरून वापरायच्या तयार हाइडबद्दल माझं मत जरा तिखट आहे. तिथे पक्षी येतो, प्रकाश जुळवलेला असतो, खुर्चीसुद्धा असते. पण फांदी तीच, मागचा हिरवा धूसर पडदा तोच. तुमच्या आधी शंभर जणांनी घेतलेला फोटो तुम्हाला एकशे एकाव्यांदा मिळतो. एकतर्फी काच असेल तर साधारण एका स्टॉपचा, म्हणजे निम्मा, प्रकाश ती खाते, आणि लेन्स काचेला काटकोनात नसेल तर फोटो मऊ पडतो. शिवाय खाद्य टाकून पक्षी बोलावला असेल तर फोटोखाली तसं लिहायला हवं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा पहिला क्रमांक कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. तो लांडगा बहुधा पाळीव असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं.

पायपिटीची बाजू

ज्याला पक्षी त्याच्या मुलखासकट हवा आहे, त्याने चालावं. लपणातून पार्श्वभूमी एकच मिळते. पायी गेलात की दोन पावलं डावीकडे सरकून पाणवठ्यामागची टेकडी फ्रेममध्ये घेता येते, गुडघ्यावर बसून गवताचे तुरे पुढे आणता येतात, आडवं पडून क्षितिज पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत आणता येतं. धुक्यात पाण्याकडेला उभा असलेला राखी बगळा, चारी बाजूंनी मोकळं पाणी आणि फ्रेममध्ये तो अंगठ्याएवढा. असा फोटो १०० किंवा २०० मिमीने होतो. मला स्वतःला नुसत्या डोळा-चोचीच्या फोटोंपेक्षा हे जास्त आवडतात. दहा वर्षांनी बघितले तरी ती सकाळ कशी होती ते आठवतं.

पण चालण्याला शिस्त लागते. सरळ रेषेत पक्ष्याकडे जाऊ नका. तिरकं जा, जणू दुसरीकडेच निघालात. त्याच्याकडे टक लावून बघू नका. खाणं थांबवून मान ताठ केली की जागच्या जागी थांबा, आणि पुन्हा चरायला लागल्याशिवाय हलू नका. अंग आवळलं, शिटला, एक पाय वाकवला, की तो निघाला म्हणून समजा. आणि तो उडाला तर त्यात कौशल्य कसलं? उडताना मिळालेला तो शेपटीचा फोटो आपल्या घाईची पावती असते.

वाऱ्याचा नियम इथे गमतीचा आहे. पक्ष्यांसाठी वारा आणि ऊन दोन्ही आपल्या पाठीशी हवं. उतरताना ते तोंडाने आपल्याकडे येतात. कोल्हा किंवा हरीण हवं असेल तर नेमकं उलटं: वारा आपल्या तोंडावर यायला हवा, नाहीतर आपला वास आपल्या आधी पोचतो. एकाच फेरीत दोन्ही जमवू बघणाऱ्याच्या हाती बहुधा दोन्ही लागत नाहीत.

आणि घरट्याच्या जवळ कुठलीच पद्धत नको. पक्ष्यांच्या फोटोग्राफीतलं मोठं नाव एरिक हॉस्किंग; १९३७ मध्ये घरट्याजवळच्या हाइडमध्ये चढताना घुबडाने केलेल्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला. आपला डोळा वाचेलही, पण अंड्यांवरून उठवलेल्या पक्षिणीची अंडी गार पडतात, आणि आपण मळलेल्या वाटेने मागाहून कोण येईल ते सांगता येत नाही.

सामान

लपणात बसणार असाल तर वजनाची फिकीर नको: ट्रायपॉड, गिंबल हेड (जड लेन्स सहज फिरवू देणारी बैठक), तीन किलोची ६०० मिमी एफ/४. एफ/६.३ च्या झूमवर जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार होतो) ८००० लागेल, तिथे एफ/४ वर ३२०० मध्ये भागतं. पहाटे हा फरक डोळ्याला दिसतो. निवांत बसलेल्या पक्ष्याला ट्रायपॉडवरून १/१२५ सेकंदाचा शटर वेगही पुरतो. चालणार असाल तर दीड ते दोन किलोची १००-५०० किंवा २००-६०० मिमीसारखी झूम. हातात धरून दोन तास नेववेल तेवढंच वजन. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या खाली येऊ नका. मूक इलेक्ट्रॉनिक शटर दोन्हीकडे उपयोगी, फक्त सेन्सर चित्र टिपून घ्यायला संथ असेल तर फडफडणारे पंख वाकडे उमटतात. ते आधी कावळ्यावर तपासून घ्या.

मग कोणी काय करावं

लोक नेमकं उलटं करतात असं माझं निरीक्षण आहे. जवळ पाणवठा आहे, दर आठवड्याला जाता येतं, असा माणूस दर वेळी पाच किलोमीटर हिंडून शेपट्यांचे फोटो आणतो. आणि दोन दिवसांसाठी अनोळखी मुलखात गेलेला माणूस दोन्ही दिवस एका तयार हाइडमध्ये कोंडून घेतो. परत परत जाता येणार असेल तर लपण. दोनच दिवस असतील तर चाला, मुलूख बघा, पक्षी छोटा आणि परिसर मोठा असे फोटो आणा. एखादी ठरावीक जातच हवी असेल आणि पुन्हा येणं होणार नसेल, तरच तयार हाइडचे पैसे भरा. शांत बसवत नसेल, दर दहा मिनिटांनी चुळबुळ होत असेल, तर लपणावर खर्चच करू नका. हा स्वभावाचा भाग आहे, सरावाने फार थोडा बदलतो.

भरती-ओहोटीच्या चिखलावर मात्र या दोन्हींच्या मधला रस्ता सापडतो. ओहोटीला चालत जाऊन पाण्याच्या वरच्या अंगाला, पुळणीच्या कडेला आडवं पडायचं आणि हलायचं नाही. भरतीचं पाणी चढू लागलं की चिखलात चरणारे पाणपक्षी त्याच्यापुढे सरकत सरकत तुमच्याकडे येतात. परतीचा रस्ता बुडणार नाही एवढी खात्री आधी करून घ्या.

नव्या जागी मी पहिल्या तीन सकाळी कॅमेरा नेतच नाही. दुर्बीण आणि वही नेतो, आणि पाण्यावर वाकलेल्या फांद्या बघत फिरतो. ज्या फांदीखालच्या दगडावर पांढऱ्या विष्ठेचे शिंतोडे असतील, तिच्यावर कोणीतरी रोज येऊन बसतं. चौथ्या दिवशी तिच्यापासून पंधरा मीटरवर रिकामं लपण उभं करतो, आणि पुढचा आठवडाभर एक-दोन दिवसांआड, पक्षी तिथे नसताना, थोडं थोडं पुढे सरकवतो. सहा मीटरवर आलं की मग आत बसतो.