बोन्सायचं जपानी छापचित्र घ्यायचंय? शिन-हांगा आणि सोसाकु-हांगा यांतून निवडताना

बोन्साय असलेलं लाकडी ठशाचं जपानी चित्र घरात लावायचं ठरलं, की विसाव्या शतकातल्या दोन परंपरांपैकी एकीकडे वळावं लागतं. शिन-हांगात चित्रकार फक्त चित्र काढतो. ठसे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, आणि या सगळ्यांची मोट बांधणारा प्रकाशक. तोक्योचे वातानाबे शोझाबुरो हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. कावासे हासुई, इतो शिन्सुई, ओहारा कोसोन यांची चित्रं त्यांनी छापली. सोसाकु-हांगात काढणं, कोरणं, छापणं हे सगळं एकाच माणसाच्या हातचं. यामामोतो कानाए यांच्या १९०४च्या कोळ्याच्या चित्रापासून या वाटेची सुरुवात मानतात.

निवड करताना नाव बाजूला ठेवून आधी झाड पाहावं. बोन्साय जोपासणारा माणूस पहिल्यांदा मुळांचा पसारा बघतो, मग खोड मातीतून कसं वर उठलंय ते, आणि मग फांद्यांमधल्या मोकळ्या जागा. या तिन्ही गोष्टी चित्रात आहेत का?

शिन-हांगाचं बळ बारकाव्यात आहे. पाइनच्या सुया केसाइतक्या बारीक रेघांनी कोरलेल्या असतात. कुंडीच्या झिलईवरची चमक आणि मागच्या भिंतीवर विरत जाणारा रंग ‘बोकाशी’नं येतो, म्हणजे ठशावरच रंग ओल्या ब्रशनं पातळ करत नेऊन. एका चित्रासाठी वीस-तीस वेळा छपाई सहज होते. झाड कोणतं, ऋतू कोणता, वेळ कोणती हे सगळं कळतं. अडचण एवढीच, की इथं बोन्साय बहुतेकदा सोबतीला असतं: बसलेल्या स्त्रीच्या मागे, तोकोनोमाच्या, म्हणजे जपानी बैठकीतल्या शोभेच्या, कोनाड्यात, किंवा नववर्षाच्या कुंडीत उमे (जपानी जर्दाळू) आणि फुकुजुसोच्या पिवळ्या फुलांसह. झाडासाठी चित्र घेणाऱ्यानं हे आधीच ओळखून असावं. हासुईंचं १९२५चं तोक्योच्या शिबा भागातल्या झोजोजी मंदिराचं चित्र पाहा. बर्फानं वाकलेला तिथला पाइन पुरता वाढलेला आहे, तरी बोन्साय घडवणारा कुंडीत जे आणू पाहतो ते सगळं त्या फांद्यांत आहे. कुंडीचा हट्ट नसेल तर असं चित्र घेणं मला कोपऱ्यातल्या बोन्सायपेक्षा केव्हाही बरं वाटतं.

सोसाकु-हांगात सुया गळतात आणि खोड उरतं. साइतो कियोशी ठशाच्या लाकडाच्या रेषाच कागदावर उमटू देत. पोत ठळक हवा म्हणून त्यांनी प्लायवूडही वापरलं. बोन्सायसाठी ही रीत फार मोलाची आहे, कारण झाडाचं खोड खऱ्या लाकडाच्या रेषांनी छापलं जातं. ज्युनिपरच्या बोन्सायत खोडाचा मेलेला, पांढरा पडलेला भाग असतो, त्याला ‘शारी’ म्हणतात. तो दाखवायला कागद कोरा सोडला की पुरतं. मुनाकाता शिको यांच्यासारखा झपाट्यानं कोरणारा कलावंत असेल, तर काळ्या-पांढऱ्यातच फांदीचा सगळा ताण उभा राहतो. मात्र झाडाची जात कित्येकदा ओळखू येत नाही. पर्णभाराचा एकच आकार होतो. ज्याला आपल्या गच्चीवरच्या झाडाचं रूप चित्रात शोधायचंय, त्याची इथं निराशा होईल.

माझा कल सोसाकु-हांगाकडे आहे. बोन्सायत पानं दर वर्षी येतात-जातात. वय असतं ते खोडात, आणि ही चित्रं नेमकी तिथेच थांबतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १ सप्टेंबर १९२३च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेंचे ठसे आणि चित्रांचा साठा जळून गेला. त्याच भूकंपानंतर तोक्योतले बोन्साय-माळी मोकळी जागा आणि चांगलं पाणी-माती शोधत उत्तरेला गेले, आणि १९२५मध्ये ओमिया बोन्साय गाव वसलं. ठसे आणि साठा असा जळाल्यामुळे भूकंपाआधीची वातानाबेंची छपाई आज दुर्मीळ आणि महाग आहे.

खरेदीत खरा घोळ होतो तो शिन-हांगाच्या आवृत्तीवरून. ठसे चित्रकारामागेही टिकतात, त्यामुळे त्याच ठशांवरून पुढेही छपाई होत राहते. ती खोटी नव्हे, पण किंमत त्याच मापानं कमी हवी. वातानाबेंचे शिक्के काळानुसार बदलत गेले, त्यांवरून काळ ताडता येतो. शिन-हांगाचेच चित्रकार योशिदा हिरोशी यांच्या चित्रांत समासातला ‘जिझुरी’ (‘स्वतः छापलेलं’) शिक्का आणि पेन्सिलची सही बघावी. (भारतभेटीनंतर याच योशिदांनी १९३१-३२च्या मालिकेत अजिंठा आणि वेरूळही छापलंय, मराठी घरात ते चित्र कुंडीतल्या झाडाशेजारी छान शोभेल.) सोसाकु-हांगात, विशेषतः युद्धानंतरच्या चित्रांत, समासात पेन्सिलनं सही आणि बहुधा प्रतीचा क्रमांक असतो, त्यामुळे पारख सोपी जाते. बजेट बेताचं असेल तर क्योतोच्या उन्सोदोसारख्या १८९१पासूनच्या प्रकाशकाची हातानं छापलेली नवी प्रत घ्यावी. ऑफसेटच्या पोस्टरवर पैसे घालवू नयेत. कागद उलटा करून पाहिला की फरक दिसतो: हातछपाईत रंग कागदात मुरून मागेही उमटलेला असतो आणि बारेन (कागद ठशावर दाबायची चकती) घासल्याच्या खुणा सापडतात.

चित्र कोणतंही घ्या, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या) कागदावर तपकिरी डाग पडायला वेळ लागत नाही. आम्लरहित माउंट हवा, काच चित्राला टेकता कामा नये, आणि फ्रेमवाल्याला चित्र पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नये. ऊन येणारी भिंत शिन-हांगासाठी तर टाळाच. बोकाशीचे हलके रंग आधी उडतात.