'खालचा बेड आण्णांना ठेवतो' : कॅराव्हॅनच्या नावाखाली झालेली फसवणूक

सांगलीतून कोकणात कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेऊन जायचा बेत कुणी करत असेल, तर टोकन भरण्याआधी हे वाचा. आमच्या घराचे 30,500 रुपये गेले आहेत, आणि ज्या पद्धतीनं गेले ती इतकी आपुलकीची होती की दुसऱ्या कुटुंबालाही तो माणूस सहज गाठेल याची मला भीती वाटते.

भाऊबीज झाली की निघायचं, कोल्हापूर, राधानगरी करत फोंडा घाटानं उतरायचं आणि मालवणला मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. सासूसासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि पोरं. आण्णांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे दुखतात. त्यांना फार वेळ एका जागी बसवत नाही. वाटेत आडवं होता येईल, गाडीतच बाथरूम असेल, म्हणून कॅराव्हॅनचा विचार. मोबाईलवर एक जाहिरात दिसली. छोटा ओटा, वरखाली बेड, बाजूला कापडी मांडव आणि 'सांगली, सातारा, कोल्हापूर घरपोच गाडी'. फोन लावला.

त्या माणसानं पहिल्या फोनवर पैशाचं नावही काढलं नाही. विचारलं काय, तर, "ताई, घरात वयस्कर कोण आहे?" गुडघ्यांचं कळल्यावर म्हणाला, "मग खालचा बेड आण्णांना ठेवतो. पायरी जरा उंच आहे, एक स्टूल टाकून देतो." नंतर सामानाची भलीमोठी यादी पाठवली. पोरांना घाटात उलटी होते का, असं विचारून लिंबू आणि आवळासुपारी यादीत घातली. फराळाचे डबे पत्र्याचे नकोत, वळणावर वाजतात, प्लास्टिकचे घ्या, हेही सांगितलं. रोज एखादा मेसेज यायचा. "चादरी भरल्या का ताई?" "आईंचं पथ्याचं काही आहे का?" आमच्याकडं हॉलमध्ये पिशव्यांची रांग लागली. जाऊबाईंनी भडंग केलं, शेंगदाण्याची चटणी कुटली. वरच्या बेडवर कुणी झोपायचं याच्या पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या.

पैसे मागितले ते या सगळ्याच्या मधे मधे. आधी तारीख धरायला 5,000. सामान भरायला सुरुवात झाल्यावर अर्धं भाडं म्हणून 12,000. मग 'घाट परवान्याचे' 3,500. निघायच्या आदल्या संध्याकाळी 'परत मिळणारं डिपॉझिट' 10,000. दर वेळी रक्कम आधीच्या पैशांच्या मानानं परवडण्यासारखी, आणि दर वेळी घरात नव्यानं काहीतरी भरून ठेवलेलं. पिशव्या दारात लागल्यावर बेत मोडायला कुणाचं मन होईल? त्याला हे पक्कं ठाऊक होतं. यादी पाठवण्यामागं तेच गणित होतं.

पहाटे गाडी विश्रामबाग चौकात यायची होती. आम्ही सामान घेऊन उभे. फोन आला, "ताई, पेठ नाक्यावर आरटीओनं गाडी अडवलीय. दंडाचे 8,000 पाठवा, तासाभरात पोहोचतो." माझी मावसबहीण पेठमध्येच राहते. तिचे यजमान गाडीवरून नाक्यापर्यंत जाऊन आले. महामार्गाच्या दोन्ही अंगांना कॅराव्हॅन सोडाच, आरटीओचं पथकही नव्हतं. तसं फोनवर सांगताच तो बंद झाला, तो कायमचाच. आण्णा रिक्षात बसून घरी परतताना एकच म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं त्याला कशाला सांगितलं गं?" त्या प्रश्नानं मला अजून त्रास होतो. म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याचं ज्यानं भांडवल केलं, त्याच्याबद्दल मला अजिबात दयामाया नाही.

आता खुणा सांगते. फोटो नीट बघा. त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडं होतं आणि आत चढायचं दार उजव्या अंगाला. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून आपल्या एसटीचं दार डावीकडं असतं, उतरणारा माणूस रस्त्याच्या कडेला उतरावा यासाठी. कॅराव्हॅनचंही तसंच असायला हवं. दार उजवीकडं म्हणजे फोटो जिथं वाहनं उजवीकडून चालतात अशा देशातला. गूगल लेन्समध्ये टाकला तर तो फोटो परदेशातल्या एका विक्रीच्या पानावरचा निघाला.

दुसरी खूण नंबर प्लेट. भाड्यानं चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. स्वतः चालवायला भाड्यानं मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिला भाड्यानं द्यायची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाका. गाडीचा प्रकार, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे, सगळं दिसतं. आम्हाला करारावर दिलेला नंबर मालवाहू तीनचाकीचा होता.

यूपीआयनं पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर येतं. जाहिरातीत एक नाव आणि खात्यावर भलत्याच माणसाचं, तेही दर वेळी वेगळं. विचारलं की 'आमच्या अकाउंटंटचं आहे' हे उत्तर तयार. अशी खाती बहुधा दुसऱ्या कुणाकडून कमिशनवर घेतलेली असतात. आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरताना प्रवाशानं भरायचा 'घाट परवाना' असा काही प्रकारच नाही.

नंतर माझ्या दिरांनी पुण्यातल्या खरोखर कॅराव्हॅन चालवणाऱ्या एका माणसाशी बोलणं केलं. त्याचे प्रश्न ऐकून फरक लख्ख कळला. रात्री गाडी कुठं लावणार? तिथं विजेचं कनेक्शन मिळेल का, कारण नुसत्या बॅटरीवर एसी रात्रभर चालत नाही. टाकीत पाणी मोजकं असतं, मग अंघोळी कुठं? टॉयलेटची टाकी कुठं रिकामी करणार? गावातल्या रस्त्यावर लोंबत्या तारा, खाली आलेल्या फांद्या आहेत का? टणक सुटकेस आणू नका, ठेवायला जागा नसते, मऊ पिशव्या आणा. आमच्या त्या 'दादा'नं आवळासुपारीपर्यंत सगळं विचारलं, पण घाण पाण्याचा विषय एकदाही काढला नाही. गाडीच नव्हती, तर घाण पाणी कुठून येणार!

फसल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रारीसाठी कुठल्याही मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, cybercrime.gov.in हा पत्ता स्वतः टाइप करून तक्रार नोंदवा. प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय क्रमांक, चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. चॅट पुसू नका. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार झटपट फिरवले जातात, म्हणून उशीर महागात पडतो. आमच्या शेवटच्या 10,000 मधली काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, ती अजून परत मिळायची आहे. आधीचे हप्ते खात्यांतून काढून घेतले होते.

घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं त्यानं 'प्रवाशांच्या यादीसाठी' घेतली होती. म्हणून आम्ही सगळ्यांचे बायोमेट्रिक लॉक केले आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आमच्या नावावर परस्पर सिमकार्ड निघालंय का ते बघितलं. कुणाला आधार द्यावंच लागलं तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात.

आणि ज्यांनी आत्ता कुठं टोकन भरलंय, गाडी अजून यायची आहे, त्यांनी पुढचा हप्ता थांबवून आजच व्हिडिओ कॉल लावायला सांगा. गाडीची नंबर प्लेट, मग दार, मग आतला ओटा, असं न थांबता एका दमात दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर दिलेल्या टोकनासाठीसुद्धा 1930 ला लगेच कळवा, रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका.