फौजी पेन्शन, स्पर्श पोर्टल आणि अमळनेरचं सेवा केंद्र: ४ स्टार

अमळनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जे सीएससी सेवा केंद्र आहे तिथं माझ्या पेन्शनचं स्पर्शवरचं (फौजी पेन्शनचं सरकारी ऑनलाईन पोर्टल) काम करून घेतलं, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, फौजी लोक विचारत विचारत बरोबर पोचतात. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, २४ वर्षं सर्व्हिस. डिस्चार्जच्या आधीच्या सुट्टीत गावाला होतो तेव्हा मोबाईलवर स्पर्शचा युजर आयडी पासवर्ड आला, म्हणजे आता आपला डाटा आपणच चेक करून क्लेम सबमिट करायचा. मोबाईलवर ते बारीक अक्षर बघून डोकं फिरलं म्हणून केंद्रावर गेलो.

पोरगा जेमतेम पंचविशीचा पण कामाला पक्का. "बठा जिभाऊ, व्हई जाई" (बसा भाऊ, होऊन जाईल) म्हणे आणि लगेच सबमिट न मारता एकेक रकाना वाचून दाखवायला लागला. तिथंच सापडलं, रेकॉर्डला आमच्या मंडळींच्या नावापुढे 'बाई' लागलेलं आणि आधारवर पॅनवर नुसतं नाव. लग्नानंतर युनिटमध्ये जी पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा घरच्या नोंदींचा लष्करी आदेश) निघाली तेव्हापासूनचं ते तसंच चालत आलेलं. मी म्हटलं एवढ्याने काय होतंय, तर तो म्हणे जिभाऊ तुम्ही आहात तोवर काही नाही, उद्या फॅमिली पेन्शनची वेळ आली तर वहिनींना रेकॉर्ड ऑफिसचे कागद काढत बसावं लागेल, आणि हे मी इथून दुरुस्त करू शकत नाही, ते युनिटमधूनच होईल. खरं बोलला. त्याच दिवशी क्लार्कला फोन लावला, अ‍ॅफिडेविट करून पाठवलं, पार्ट टू ऑर्डर निघाली मगच क्लेम सबमिट केला. सर्व्हिसमध्ये असताना हे फोनवर सरळ होतं, त्यामुळे ज्यांचं वर्ष दोन वर्षं राहिलंय त्यांनी बायको पोरांची नावं, जन्मतारखा आताच आधारशी ताडून घ्या रे भाऊ.

दुसरं आवडलं ते कम्युटेशनचं, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचं. आपली पोरं सरसकट ५० टक्के विकतात, काय विकलं ते कळत नाही. याने झेरॉक्सच्या रद्दी कागदावर हिशोब मांडून दिला. समजा बेसिक पेन्शन २४,००० आहे आणि पुढच्या वाढदिवसाला वय ४४, तर निम्मे म्हणजे १२,००० गुणिले १२ गुणिले ९.०१९ (वयाप्रमाणे ठरलेला गुणक), हातात येतात १२,९८,७३६ रुपये. त्याबदल्यात महिन्याला १२,००० कटतात ते १५ वर्षं, म्हणजे एकूण २१ लाख ६० हजार, मग पूर्ण पेन्शन परत सुरू. डीए मात्र पूर्ण २४,००० वरच मिळतो, हे लई लोकांना माहीतच नसतं. घर बांधायचं असेल तर घ्या, बँकेचं कर्ज काढण्यापेक्षा बरं, पण नुसतं गाडी घ्यायला काढणार असाल तर माझ्या मते ५० टक्के विकू नका. ग्रॅच्युइटी, ३०० दिवसांपर्यंतच्या सुट्टीचे पैसे, फंड आणि एजीआय (आर्मीचा ग्रुप इन्शुरन्स) हे वेगळं येतंच.

पैशाचं म्हणाल तर स्पर्शच्या कामाची फी पेन्शनरने द्यायची नसते, केंद्राला ती डिफेन्स अकाउंट्स खात्याकडून मिळते. याने माझ्याकडून फक्त प्रिंट आणि स्कॅनिंगचे घेतले. नाहीतर आमच्या भागात एक एजंट फिरतो, पेन्शन बसवून देतो म्हणून टक्केवारी मागतो आणि वर ओटीपी पण मागतो. त्याला दारातूनच चहा न पाजता काढा.

हयातीचा दाखला पण इथं होतो, अंगठा लावून. घरी मोबाईलवर जीवन प्रमाणने चेहरा दाखवून केलात तरी चालतो, फक्त पेन्शन देणारी एजन्सी म्हणून स्पर्श निवडायचं, बँक नाही. आमच्या आबांनी म्हणजे काकांनी बँक निवडली होती, दाखला भलतीकडेच गेला, परत करावा लागला. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा ऑनलाईन अर्ज पण यानेच भरून दिला. १ एप्रिल २००३ नंतर रिटायर होणाऱ्यांना ते कंपल्सरीच आहे, पैसे आपोआप कटतात, त्यामुळे कार्ड लगेच काढा.

एक स्टार कापला तो गर्दीसाठी. लाडकी बहीणच्या केवायसीची रांग लागली की फौजी, शेतकरी सगळे मागे, टोकन नाही की काही नाही, आणि लाईट गेली की इन्व्हर्टर चालतो पण फक्त पंख्यावर, कॉम्प्युटर बंद! बसायला दोनच खुर्च्या, त्यातली एक त्याच्या आजोबांची. बाजाराचा दिवस टाळून सकाळी लवकर जा, आणि आधारला जो नंबर लिंक आहे तोच मोबाईल चार्ज करून न्या, ओटीपी त्याच्यावरच येतो.