पेट्रोलचा वास येतोय: घरी बघायचं, गॅरेजला न्यायचं की गाडी हलवायचीच नाही?

गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला की काही जण काचा खाली करून चालवत राहतात आणि काही जण घाबरून टाकीपासून इंजिनपर्यंत सगळं उघडायला निघतात. दोन्ही करण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा. पेट्रोल थेंबाथेंबाने गळतंय, की नुसती वाफ सुटतेय? नाकाला दोन्हींत फरक कळत नाही, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो.

थेंब की वाफ

इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत इंजिनकडे जाणाऱ्या लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार दाब असतो. हा दाब गाडीतला पेट्रोलचा पंप चालू झाल्यावर तयार होतो. त्यामुळे इंजिन चालू असताना वास वाढत असेल आणि तो बॉनेटकडून येत असेल, तर आधी लाइन, तिचे जोड आणि इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) ओ-रिंग, म्हणजे रबरी रिंगा, यांच्यावर संशय घ्या. गरम इंजिनवर पडलेलं पेट्रोल लगेच उडून जातं, खाली डबकं साचत नाही. म्हणून तपासणी सकाळी, इंजिन गार असताना करा. बॅटरीवरच्या टॉर्चने बघा. पाइपावरच्या धुळीत एखादा पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर गळती तिथेच किंवा त्याच्या जरा वर आहे.

वाफेचं वागणं वेगळं असतं. टाकी भरल्यावर वास येतो आणि पाव टाकी संपली की जातो, किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीजवळ गेलं की येतो. टाकी भरल्यावर वास मागच्या सीटकडून येत असेल तर पंपाच्या झाकणाखालची रबरी रिंग बघावी लागते. बऱ्याच गाड्यांत हा पंप मागच्या सीटखालीच असतो. ही रिंग मात्र दोन्हीकडची आहे. टाकी काठोकाठ असेल तर तिथून नुसती वाफ नाही, पेट्रोलही बाहेर येतं.

गार इंजिन सुरू केल्यावर काही सेकंद सायलेन्सरमागे वास येणं स्वाभाविक आहे, कारण तेव्हा मिश्रणात पेट्रोल जास्त असतं. इंजिन गरम झाल्यावरही तो टिकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर ती गळती नव्हे, जळण्यातला दोष आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन त्याला तापवतं, म्हणून हेही लांबवू नका. डिपस्टिकचा, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायच्या पट्टीचा, वास घेऊन बघा. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली, असं दिसलं तर इंजेक्टर तपासून घ्या.

टाकीचं झाकण की कॅनिस्टर

वाफेच्या बाबतीत सुरुवात झाकणापासून करावी, कारण सगळ्यात स्वस्त आणि सोपं तेच आहे. रबरी रिंगला तडा गेलाय का, फिरवल्यावर कट-कट आवाज येतो का, एवढं बघायचं. पण बॉनेटखालून येणारा वास नवं झाकण लावून जाणार नाही, त्याच्यावर पैसे घालवू नका.

कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. टाकीतली वाफ तो शोषून धरतो आणि पर्ज व्हॉल्व्ह (डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप) उघडला की ती इंजिनात जाऊन जळते. पेट्रोल पंपावरचं नोझल आपोआप बंद झाल्यावरही आणखी पेट्रोल भरायची सवय असेल, तर द्रव पेट्रोल या डब्यात शिरतं. कोळसा भिजला की वाफ धरेनासा होतो. पूर्ण भिजलेला डबा बदलणं हाच माझ्या मते खरा उपाय आहे, आणि त्यासोबत ती सवयही सोडायला हवी.

स्कॅनर की धुराची चाचणी

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर सगळ्यांना आवडतो, पण त्याची मर्यादा फार कमी जण सांगतात. पी०४५५ हा कोड म्हणजे वाफेच्या यंत्रणेत मोठी गळती आणि पी०४४२ म्हणजे छोटी. गळती आहे एवढंच त्यातून समजतं, कुठे आहे ते समजत नाही. धुराच्या चाचणीत यंत्रणेत कमी दाबाने धूर सोडतात आणि तो बाहेर पडताना डोळ्यांना दिसतो. आधी झाकण, मग धुराची चाचणी, असा क्रम मी सुचवेन. आणि महत्त्वाचं म्हणजे हे कोड आणि ही चाचणी फक्त वाफेची बाजू तपासतात. दाबाच्या लाइनमधून पेट्रोल ठिबकत असलं तरी चेक इंजिनचा दिवा बंद राहू शकतो. दिवा लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

डागडुजी की बदल

इथे मी ठामपणे बदलाच्या बाजूने आहे. दाबाच्या लाइनवर टेप किंवा एम-सील टिकत नाही. पाण्याचा साधा होज (रबरी पाइप) पेट्रोलने फुगतो आणि मऊ पडतो. इंजेक्शनसाठी बनवलेलाच होज घ्या, त्यावर जे३०आर९ असा दर्जा छापलेला असतो. जे३०आर७ कमी दाबासाठी असतो. क्लॅम्पही होज न कापणारा, इंजेक्शनचाच हवा. रिकामी टाकी वेल्डिंगला तर कधीच देऊ नका. ती वाफेने भरलेली असते, म्हणून भरलेल्या टाकीपेक्षाही धोकादायक असते.

घरी की गॅरेजमध्ये

झाकण आणि वाफेचे समोर दिसणारे होज घरी बदलता येतात. दाबाच्या लाइनला हात लावायचा असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. मात्र लाइन आधीच ठिबकत असेल तर त्यासाठीसुद्धा इंजिन चालू करू नका, ते काम गॅरेजवर सोपवा. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत उच्च दाबाची बाजू १०० बारच्याही पुढे जाते. ती घरी उघडायची नाही.

थेंब दिसला की चावी फिरवू नका, गाडी टो करून न्या. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, त्यामुळे बंद गॅरेजच्या फरशीवरून सरकत दूरच्या गीझरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. नुसती वाफ असेल तर काचा उघड्या ठेवून गॅरेजपर्यंत जाता येतं, पण तोवर गाडी उघड्यावरच लावा.

दुरुस्तीनंतर गार इंजिन सुरू करून प्रत्येक जोडाजवळ कोरडा कागद टेकवून बघा. मग नोझल बंद होईपर्यंतच टाकी भरा, थोडी फेरी मारा आणि रात्रभर गाडी बाहेर उभी ठेवून सकाळी पुन्हा वास घ्या.