सायटिकासाठी फिजिओ की हिप्नोथेरपी?

सायटिका, म्हणजे कंबरेतनं पायात उतरणारी कळ, बहुतेक वेळा कंबरेतल्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली की होतो. फिजिओ शरीराच्या बाजूनं काम करतो, पाठीपोटाचे स्नायू मजबूत करणं, कसं वाकायचं, ओझं कसं उचलायचं वगैरे. हिप्नोथेरपीनं, म्हणजे संमोहनाच्या उपचारानं, गादी जागेवर येत नाही, पण कळ मेंदूला किती जोरात जाणवते त्यात फरक पडू शकतो.

आमचे काका कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवसभर मांडी घालून बसायचे, रात्री कूस बदलली की मांडीच्या मागनं पार पोटरीपर्यंत करंट, झोप नाही, आणि सकाळी उठताना आता कळ येणार या धास्तीनंच अंग आखडून घ्यायचे. हिप्नोथेरपीच्या सेशनमधे डोळे मिटून श्वास सावकाश, मग दुखऱ्या पायावरनं गार पाणी वाहतंय अशी कल्पना, काकांनी डोळ्यासमोर पंचगंगेचा घाट आणला. तेच रेकॉर्डिंग रात्री ऐकत झोपायला लागले. कळ गेली नाही, धास्ती मात्र उतरली आणि टाळलेले व्यायाम पण जमायला लागले!

पैसे एकालाच पुरत असतील तर फिजिओच करा, हालचाल चालू ठेवली तर बऱ्याच जणांना दीड-दोन महिन्यात आराम पडतो. दुखणं लांबलं, झोप उडाली तर जोडीला हिप्नोथेरपी, तीपण शिकलेल्या सायकॉलॉजिस्टकडं किंवा डॉक्टरकडंच.

आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं तर दोन्ही बाजूला ठेवा, थेट कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.